स्वतंत्र चूल

तिसगावच्या स्टँडसमोर माझं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म आणि प्रतिज्ञापत्रं. दिवसभरात माझ्या बोटांखालून सगळ्यात जास्त वेळा कुठला शब्द जातो, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून सांगेन, 'स्वतंत्र'. दोन भाऊ वेगळे झाले की स्वतंत्र रेशनकार्ड. मागोमाग स्वतंत्र मीटर, स्वतंत्र उतारा. भावाशी बोलणं बंद असेल तर विहिरीवर स्वतंत्र मोटार. एकदा एक गृहस्थ स्मशानभूमीत आपल्या भावकीसाठी स्वतंत्र ओटा हवा, असा अर्ज टाइप करून घेऊन गेले. मी म्हटलं, "काका, तिथं तरी शेजारीशेजारी बसा." ते हसले नाहीत. दोन प्रती द्या म्हणाले.

गंमत अशी की हा शब्द आमच्याकडं तोंडानं कुणी वापरत नाही. काउंटरपलीकडचा माणूस म्हणतो, "ताई, आमी येगळं निघालो." म्हणताना त्याचा आवाज थोडा खाली येतो, आणि बायको बरोबर असली तर ती रस्त्याकडं बघते. त्या दोन शब्दांत भांडी वाटून घेतल्याचं असतं, गाय कुणी न्यायची यावरून झालेली रडारड असते. मी त्या जागी 'स्वतंत्र' टाइप करते आणि कागद एकदम स्वच्छ होतो. ही स्वच्छता आपल्या हातात आहे याचा मला थोडा माजही होता. एखादा माणूस फारच पाल्हाळ लावायला लागला की मी म्हणायचे, "दादा, कारण नका सांगू, फक्त तारीख सांगा."

मला स्वतःलाही लोक स्वतंत्र म्हणायचे, हे आधीच सांगून टाकते. दुकान माझं, स्कूटी माझी. महिला दिनाला शाळेत भाषणाला बोलावलं तर मी मुलींना ठणकावून सांगायचे, कुणावर अवलंबून राहू नका. आणि भाषण करून दुपारी घरी आले की ताट वाढलेलं असायचं. ते कोण वाढतं, हे भाषणात कधी आलं नाही.

वाढायच्या माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि माझे मालक एकुलते एक, त्यामुळं वेगळं निघायचं तर कुणापासून, हाही प्रश्नच होता. तरी लग्नानंतर पहिली काही वर्षं मी ती भुणभुण लावून पाहिली होती. आत्याबाईंनी त्यावर कधी भांडण केलं नाही. त्यांनी आपली वळकटी उचलली आणि रस्त्यापलीकडच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन झोपायला लागल्या. "शेळ्यांजवळ कुनी पाहिजे, बिबट्या फिरतोय," एवढंच म्हणाल्या. ती खोली सासऱ्यांनी कधीकाळी गायरानाच्या कडेला, म्हणजे गावाच्या चराऊ जमिनीवर, शेळ्यांसाठी ठोकलेली. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. झोपायला तिकडं, पण चूल एकच, आमची. पहाटे त्या यायच्या, भाकरी थापायच्या, कालवण टाकायच्या, माझ्या पोरीची वेणी घालायच्या, मला डबा भरून द्यायच्या. मालक टेम्पोवर, कांदा घेऊन घोडेगावला गेले की त्यांचाही डबा. मला आजही धड भाकरी येत नाही. कडा फाटतात. आणि मी मुलींना सांगत होते, अवलंबून राहू नका.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला. गावात दोन पॅनल. दोघांनाही सांगितल्यावर सही करणारी बाई हवी होती, आणि मी सही करण्याआधी कागद वाचते ही माझी ख्याती. कुणीच घेतलं नाही. मग मी अपक्ष उभी राहिले. कागदोपत्री ग्रामपंचायतीत सगळेच अपक्ष असतात, पण गावात जो पॅनलबाहेरचा तोच अपक्ष, आणि त्याच्याकडं लोक जरा कीव करूनच बघतात. आत्याबाई मात्र पेटल्या. सगळा वॉर्ड त्यांनी पायी पालथा घातला. दारात उभं राहून एकच वाक्य म्हणायच्या, "माझी सून उभी हाय, आन ती कुनाच्या बापाला भ्यायची न्हाई." हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या मतांनी मी निवडून आले. गुलालात माझ्यापेक्षा त्याच जास्त माखल्या होत्या.

दोन महिन्यांतच तक्रार झाली. हरलेल्या बाईंच्या घरच्यांनी अर्ज दिला की सदस्य बाईंच्या कुटुंबाचं गायरानात अतिक्रमण आहे, सबब पद रद्द करावं. अतिक्रमण म्हणजे ती पत्र्याची खोली. गावात निम्मी घरं कुठं ना कुठं सरकारी जागेत पाय पसरून आहेत, पण अर्ज माझ्यावर होता. मी कागद घेऊन पाथर्डीला वकिलाकडं गेले. त्यांनी चष्मा वर केला, अर्ज वाचला आणि म्हणाले, "सोपं आहे. एकत्र कुटुंब धरलं तर पद जातं. सासूबाई विभक्त दाखवा. स्वतंत्र रेशनकार्ड, स्वतंत्र चूल. तुमच्याकडं जेवायला नाहीत, एवढं शपथेवर आलं की झालं."

मी जवळजवळ हसलेच. हे तर माझं रोजचं काम.

मसुदा मीच टाइप केला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत, कारण साचा तयारच होता, फक्त नावं बदलायची. 'माझ्या सासू या गेल्या अनेक वर्षांपासून स्वतंत्र चूल मांडून राहतात. त्यांचा व माझ्या कुटुंबाचा राहण्याखाण्याचा कोणताही संबंध नाही.' असा एक माझ्या नावाचा आणि असाच एक त्यांच्या नावाचा. हे मी त्यांच्याच हातची मेथीची भाजी खाऊन, ढेकर देऊन टाइप केलं. तेव्हा मला काहीही वाटलं नाही. आज लाज वाटते ती खोटं लिहिल्याची तर आहेच, पण त्याहून जास्त काही वाटलं नाही याची आहे.

आत्याबाईंना मी ते वाचून दाखवलं. लपवलं काही नाही. फक्त दुकानात वाचते त्या भरधाव आवाजात वाचलं. त्या नीट ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हंजे मी तुमच्यात जेवत न्हाई, आसं?"

"कागदावर, आत्याबाई. नुसतं कागदावर."

"आन शपथ म्हंजे? देवाची?"

माझ्या पाठीमागं प्रिंटर अडकला होता. मी कागद ओढत म्हणाले, "देवाचीच समजा."

पाथर्डीला नोटरीचं टेबल असतं तिथं कधी कुणी कुणाकडं मान वर करून बघत नाही. शिक्का, सही, पुढचा. त्या दिवशी त्या गृहस्थांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी म्हाताऱ्या बाईकडं पाहिलं आणि विचारलं, "आजी, हे सगळं शपथेवर खरं ना?" आत्याबाईंनी चप्पल काढली. पदर डोक्यावर घेतला. नाथाचं देवस्थान असलेली मढी कुठल्या अंगाला येते ते त्यांनी मला विचारलं, त्या बाजूला तोंड केलं, नाथाला हात जोडले आणि म्हणाल्या, "व्हय. आजपसनं खरं." मग अंगठा दिला. 'आजपसनं' हा शब्द मी ऐकला होता. मला वाटलं, म्हातारी घाबरून काहीतरी बोलतेय.

त्या संध्याकाळी त्यांनी खोलीत तीन दगड मांडले. दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या स्वयंपाकघरात कुणी आलं नाही. मला आधी वाटलं, पंचनाम्याची तयारी चाललीय, म्हातारी हुशार आहे. मालकांनाही मी तेच सांगितलं. पीठ, मीठ, तेल त्यांनी आमच्यातलं नेलं नाही. शेळीचं दूध विकून दुकानातून आणलं. पोरगी नेहमीसारखी तिकडं पळाली तर तिला दारातच थांबवलं आणि वेणी घातली, पण दुधाची वाटी दिली नाही. पोर रडत परत आली. मी म्हटलं, "थोडे दिवस, बाळा."

पाहणीला माणसं आली. त्यांनी चूल पाहिली, राख पाहिली, पिठाचा डबा उघडून पाहिला. त्यातल्या एकानं आत्याबाईंना विचारलं, "सुनेकडं जेवता का?"

"न्हाई."

"कधीच नाही? सणासुदीला?"

"न्हाई, साहेब. शपथ हाय."

मी बाजूला उभी होते आणि मला, खरं सांगते, अभिमान वाटला. काय पक्की उत्तरं दिली, असं वाटलं. पुढं नगरला सुनावणी झाली, तारखा पडल्या आणि निकाल माझ्या बाजूनं लागला. सदस्य आणि त्यांच्या सासू स्वतंत्र राहत असल्याचं शाबीत होतं, असं त्यात लिहिलं होतं. खोलीला कुणी हात लावला नाही. गावात अशा खोल्या कुणी पाडत नाही, अर्ज फक्त पदं पाडायला असतात. माझं पद शाबूत राहिलं.

त्या दिवशी मी पुरण घातलं. पोळ्या विकतच्या सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं, माझ्या लाटताना फुटल्या. तरी एक ताट मांडून, त्यावर तुपाची वाटी ठेवून मी रस्ता ओलांडून गेले. आत्याबाईंनी ताट घेतलं, कपाळाला लावलं आणि पदरानं झाकून माझ्या हातात परत दिलं. आमच्याकडं शेजाऱ्याचं भांडंसुद्धा कुणी रिकामं परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतात. आणि इथं ताट भरलेलंच परत.

"आत्याबाई, संपलं आता. निकाल लागला. आता या घरी."

"आगं, निकाल लागला म्हंजे शपथ सुटती व्हय?"

"ती काय खरी शपथ असते? मी रोज वीस जणांना घालते."

हे वाक्य बोलून झाल्यावर मला कळलं की आपण काय बोललो. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. रागानं नाही. मला काहीतरी दुखतंय का, असं बघावं तसं. म्हणाल्या, "ती मानसं खोटं बोलत आसतील, त्यांचं त्यांच्यापाशी. मी नाथाकडं तोंड करून बोल्ले. मोडली तर माझं काय जायाचंय, सत्तरी गाठलीय मी. पर शपथ घरातल्या ल्हानग्याला बाधती. तुझ्या पोरीला काय झालं तर?"

माझी पोर तेव्हा अकरा वर्षांची. तिला काही होऊ नये म्हणून ही बाई तिला दूध देत नव्हती. मी शिकलेली. शपथेनं कुणाला बाधत नाही, हे मी त्यांना तासभर समजावू शकले असते. पण ते समजावायचं म्हणजे त्यांना सांगायचं की मी तुम्हाला नोटरीसमोर उभं केलं तेव्हा मला माहीत होतं, तुम्ही बोलता ते खोटं आहे आणि बोलायला मी लावतेय. मी भरलेलं ताट घेऊन घरी आले. मालक म्हणाले, "तुमचं तुमी दोघी बघा." आणि पोळी खायला बसले.

मी मग महिनाभर वेगवेगळ्या युक्त्या केल्या. गोडबोलीनं केल्या, रुसून केल्या. एकदा चिडून म्हणाले, "लोक मला नावं ठेवतात. सून निवडून आली आणि सासू चुलीत फुंकतेय." त्या म्हणाल्या, "लोकांना मी सांगते ना, मीच राहते येगळी. हौस हाय म्हनून." आणि खरंच त्यांनी तसं सांगायला सुरुवात केली. बायाबायांत बसून त्या सांगायच्या, मला आपलं माझं माझं बरं वाटतं, सुनेची कटकट नको. पन्नास वर्षं ज्या घराचा उंबरा सारवला त्याची बदनामी होऊ नये म्हणून त्यांनी स्वतःला खाष्ट ठरवलं. बाया मला येऊन म्हणायच्या, लई स्वतंत्र बाई तुमची सासू. मी मान हलवायचे.

शेवटी एकदा मी सरळ विचारलं, "आत्याबाई, ही शपथ सोडवायची कशी? मढीला जाऊ. नारळ फोडू. काय म्हणाल ते करू."

त्या शेळीच्या खुराला हळद लावत होत्या. हातातलं काम न थांबवता म्हणाल्या, "नाथाकडं मागनं जायाचं. आदी जिथं घेतली तिथं सोडावी लागती. त्या साहेबाला सांगायचं, खोटं हुतं म्हनून. मंग सुटती."

त्यात टोमणा नव्हता. मी रस्ता विचारला आणि त्यांनी सांगितला. असल्या गोष्टीत त्यांना वाकडं बोलता येत नाही, ते काम माझं.

मी जाईन म्हणाले. गेलेही. पाथर्डीच्या गाडीत बसले, वकिलांच्या पायरीपर्यंत पोचले आणि तिथं उभं राहून हिशेब मांडला. खोटं प्रतिज्ञापत्र म्हटल्यावर पद जाईलच, वर गुन्हाही दाखल होऊ शकतो. दुकानाचं काय? माझ्या कागदांवर पुन्हा कोण विश्वास ठेवील? वॉर्डातली गटार माझ्या सहीवाचून अडलीय. शाळेच्या संडासाचं काम आहे. पोरीच्या शाळेत काय सांगायचं? एकेक कारण असं चोख निघालं की टाइप करून घ्यावं. इतरांना मी म्हणायचे, कारण नका सांगू. मी पायरीवरून माघारी फिरले, येताना पोरीला वह्या घेतल्या. घरी आल्यावर आत्याबाईंनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली. माझा कालावधी अजून बाकी आहे.

मागच्या पावसाळ्यात मला ताप भरला. साधा नव्हता, अंग मोडून टाकणारा होता. मालक टेम्पो घेऊन नेवाशाकडं गेलेले, रात्रीशिवाय येणार नव्हते. दुपारी पोरगी शाळेतून आली तर मी पलंगावर, घरात शिजवलेलं काही नाही. ती धावत रस्त्यापलीकडं गेली. थोड्या वेळानं आत्याबाईंचा आवाज आला, आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेरून. त्या आत येत नव्हत्या. उंबऱ्याबाहेर पावसात डोक्यावर पोतं घेऊन उभ्या होत्या आणि पोरीला सांगत होत्या.

"पानी उकळलं का? आता पीठ घे. दोन वंजळी. मळ. आजून मळ, भेगा जाईस्तवर. हां. आता पीठ भुरभुरून थाप. कडंनं थाप, मदी न्हाई. तवा तापला का बग, पान्याचा हात लावून. टाक. वरनं पानी फिरव."

मी आतून ऐकत होते. मला त्यांनी हे कधी शिकवलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं. पहिली भाकरी तुटली. "आसूदे," त्या म्हणाल्या, "आईच्याबी तुटत्यात." पोरगी हसली. दुसरी जमली. तिसरी फुगली असावी, कारण पोरीनं टाळी वाजवली. मग त्यांनी लसणाची चटणी कशी वाटायची ते सांगितलं, आईला कोमट पाणी दे म्हणाल्या, डोक्यावर पट्टी ठेव म्हणाल्या आणि गेल्या. एवढा वेळ त्यांचा हात ना पिठाला लागला, ना तव्याला.

माझ्या पलंगाच्या बाजूची खिडकी रस्त्यावर उघडते. पावसाची झड होती, दोन दिवसांची. पत्र्यातून गळून त्यांचं सरपण भिजलं होतं, सकाळी त्या ओल्या काटक्या दारात आपटत होत्या ते मी पाहिलं होतं. आदल्या संध्याकाळपासून त्या पत्र्यावर धूर दिसला नव्हता. आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलेलं मला दिसलं.

पोरगी ताट घेऊन आली. दोन भाकरी, चटणी, वर तेल. तिचे गाल चुलीच्या धगीनं लाल झाले होते. माझ्यासमोर ताट ठेवून तिनं विचारलं, "मम्मी, एक भाकरी आजीला देऊन येऊ?"

त्या घेणार नाहीत हे मला माहीत होतं. का घेणार नाहीत हेही माहीत होतं आणि घ्याव्यात यासाठी काय करावं लागतं तेही. पोर उत्तराची वाट बघत उभी होती. मी म्हणाले, "नको. आजीची चूल वेगळी आहे."

मला भूक लागली होती. मी दोन्ही भाकरी खाल्ल्या.